अकरावा रकाना

दुपारचे दोन वाजले होते आणि मी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत दाराआड उभी होते. डॉक्टरनं उभं राहावं अशी ती जागा नव्हे. आत फिनेलचा वास, मागं धुऊन आलेल्या चादरींचे गठ्ठे आणि एक डास सारखा माझ्या कानाशी. पण दाराच्या बिजागरीपाशी दोन बोटं फट होती आणि तिच्यातून सात नंबरची खाट नीट दिसत होती. मला तेवढंच हवं होतं.

वॉर्ड पेंगुळला होता. सोबतीच्या बायका बाहेर लिंबाखाली भाकरी खायला गेल्या होत्या आणि आया आपापलं बाळ कुशीत घेऊन कलंडल्या होत्या. पलीकडच्या दारानं रणभिसे सिस्टर आत आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, पांढऱ्या साडीतल्या. अंबाड्यात नेहमीप्रमाणे पेन्सिल खोचलेली. त्यांनी आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं, आणि दोन्ही हात स्वतःच्या काखेत धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी सातचं बाळ उचललं, खाटेच्या कडेला ठेवलं, दुपटं सोडलं, लंगोटही सोडला आणि त्याच्या जांघेत दोन बोटं टेकवून डोळे मिटून घेतले.

बराच वेळ त्या तशाच होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी बाळाचा दंड धरला होता. बाळ एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं. शेवटी त्यांनी ते पुन्हा गुंडाळून आईच्या कुशीत ठेवलं, पेन्सिल काढली, खाटेला अडकवलेल्या माझ्या कागदावर एक टिंब दिलं आणि पुन्हा इकडंतिकडं पाहून निघून गेल्या.

सापडली, मी मनात म्हटलं. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नुकतीच एमबीबीएस झालेली, आणि बाँडचं एक वर्ष भरून काढायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येऊन पडले होते. पडले होते म्हणते, कारण मला तसंच वाटत होतं. कॉलेजात पहिल्या पाचांत होते. इथं सकाळी दहा-बारा नवी बाळं डोक्यापासून पायापर्यंत तपासायची आणि चौदा रकान्यांचा कागद भरायचा, हे माझं काम. वजन, डोक्याचा घेर, डोळे, खुबे, असं करत अकराव्या रकान्यात जांघेतली नाडी यायची. तिचं महत्त्व मला पाठ होतं. हृदयातून खाली रक्त नेणारी मोठी नळी कुठं अरुंद असेल तर बाळाच्या हाताला नाडी लागते आणि जांघेत लागत नाही. असं बाळ चार-आठ दिवस गोंडस दिसतं, दूध पितं, आणि मग एका दिवसात हातचं जातं. मी प्रत्येक बाळाची नाडी बघायचे आणि प्रत्येकाची मला लागायची. अकराव्या रकान्यात माझी खूण कधी चुकली नव्हती.

संशय घेणं माझ्या रक्तातच होतं. माझे वडील परीक्षांच्या दिवसांत भरारी पथकात असत. पोरांच्या बुटांतून, पट्ट्यांतून, एकदा तर हाताच्या प्लास्टरमधून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या होत्या. रात्री जेवताना ते आम्हाला सांगत, की कॉपी करणारा कागदाकडं बघत नाही, आधी पर्यवेक्षकाकडं बघतो. त्यामुळं माणूस इकडंतिकडं बघून काही करायला लागला की माझे कान उभे राहतात. लग्नानंतर नवऱ्यानं याचं फार सोसलं, पण ती निराळी गोष्ट.

तर टिंबं. ती मला आठवड्यापूर्वी दिसली होती. अकराव्या रकान्यापाशी, मोहरीएवढं, पेन्सिलीचं. सगळ्या कागदांवर नव्हतं. काहींवर दिलेलं आणि मग खोडलेलं दिसायचं. मी सिस्टरांना विचारायच्या आधी हौसाबाईंना विचारलं. हौसाबाई म्हणजे वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी. दवाखान्यातली भिंतसुद्धा त्यांना विचारून पोपडे टाकायची.

"म्याडम, मी सांगितलं म्हनू नगा," त्या म्हणाल्या. "पर त्या टिकल्याला बायका लई भ्येत्यात. ज्या लेकराच्या कागदावर सिस्टर टिकला देत्यात, त्येला घरी सोडाय बघत न्हाईत. तीन लेकरं मी आल्यापास्नं फुन्याला धाडली."

"पुण्याला? कुणी धाडली?"

"त्यांनीच की. डाक्टर न्हाई म्हनत हुते तरी आईबाच्या मागं लागून धाडली. जावा, मोठ्या डाक्टराला दावा, म्हनून." मग हौसाबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "भाचा हाय न्हवं त्यांचा तितं. फुन्यात. खाजगी दवाखान्यात कामाला."

मला आणखी काय हवं होतं? पाणी कुठं मुरतंय ते लख्ख दिसलं. सरकारी दवाखान्यातली जुनी सिस्टर, पुण्यातला भाचा, घाबरलेले आईबाप, आणि कागदावर खूण. कोणती गिऱ्हाईकं भाच्याकडं पाठवायची त्याची खूण. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

त्या दुपारी मी चादरींच्या खोलीतून बाहेर पडून हात धुऊन येते न येते, तोच रणभिसे सिस्टर समोर आल्या.

"डॉक्टर, सातचं बाळ परत एकदा बघता का?"

"काय झालंय त्याला?"

"झालेलं काही दिसत नाही. पण बघा."

"सकाळी बघितलंय की मी. कागदावर आहे सगळं."

"हो, आहे," त्या म्हणाल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

मी पाय आपटतच गेले. सातवर वैजयंता नावाची वीस वर्षांची मुलगी होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली होती रविवारी. वैजयंताची आई, आक्काताई, जेवून परत आली होती आणि आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. मी बाळाची मांडी हातात धरली, जांघेत अंगठा दाबला, आणि नाडी लागली. स्पष्ट, भरदार.

"लागतेय चांगली," मी म्हणाले.

सिस्टर बाळाकडं बघत नव्हत्या, माझ्या हाताकडं बघत होत्या. "मिनिटाला किती लागले, डॉक्टर?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार बायकांत ही मला परीक्षेला बसवत होती. "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचं असेल तर माझ्या खोलीत येऊन सांगा. पेशंटसमोर नको."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या खोलीत आल्या नाहीत. मी मात्र खोलीत जाऊन दार लावलं आणि दोन पानी तक्रार लिहिली. संशयास्पद वर्तन, नातेवाइकांच्या अपरोक्ष बाळांना उघडं करणं, अधिकार नसताना डॉक्टरच्या कागदावर खुणा, खाजगी दवाखान्याशी संबंध. अक्षर माझं सुरेख होतं. चार वाजता मी ती गलगली सरांच्या टेबलावर ठेवली. ते आमचे अधीक्षक. दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, आणि कुठल्याही भानगडीचा आवाज दाराबाहेर जाऊ नये एवढीच त्यांची देवाकडं मागणी असायची.

"तगारे मॅडम, पुरावा आहे का?" त्यांनी वाचून विचारलं.

"मी स्वतः बघितलंय, सर. त्या तीन केसेसचाही छडा लावते."

"लावा. तोवर त्यांना तिथून काढतो. म्हणजे बोंब नको."

गुरुवारी सकाळी रणभिसे सिस्टरना लसीकरणाच्या खोलीत हलवल्याचा कागद आला. एकवीस वर्षं त्या त्या वॉर्डात होत्या. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून नव्या सिस्टरच्या हातात दिला. कारण विचारलं नाही. माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाल्या:

"सातच्या बाळाला आज सोडू नका, डॉक्टर. आज त्यांची पाचवी आहे, ते घाई करतील. पण सोडू नका."

"तपासलंय मी," मी म्हणाले.

त्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच बघतो.

आक्काताईंनी साडेनऊलाच सामान बांधलं होतं. "पाचवीला लेकरू घरातच पायजे," त्या म्हणाल्या. "सटवाई ईल आनि पाटावरवंट्याम्होरं लेकरूच न्हाई म्हटल्यावर कुनाच्या कपाळावर लिवंल ती?" मी हसले. वैजयंताला विचारलं, दूध पिते का बाळ? ती म्हणाली, पिते, पण मधेच दमून झोपते. नवी बाळं झोपतातच, मी सांगितलं, आणि सही केली. दहा वाजता त्या गेल्या. त्यांचा कागद मी बाकीच्या कागदांत ठेवला. अकराव्या रकान्यात माझी खूण होती आणि तिच्याशेजारी ते टिंब तसंच होतं. खोडलेलं नव्हतं.

मग मी छडा लावायला बसले. दवाखान्याच्या ऑफिसात एकच फोन होता आणि बाहेरगावी लावायचा तर क्लार्कची मनधरणी करावी लागायची. आधी भाच्याचा दवाखाना. तिथल्या बाईंनी वही चाळून सांगितलं, की तुमच्या तालुक्यातून आमच्याकडं नवजात बाळ कधी आलेलंच नाही. मला ते पटलं नाही. वही लपवत असतील. मग मी निलाक्षीला फोन लावला. ती माझ्या वर्गातली, तेव्हा पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात होती. तिला हौसाबाईंनी सांगितलेली तिन्ही बाळांच्या आयांची नावं दिली आणि अर्ध्या तासानं परत फोन केला.

"आहेत की," ती म्हणाली. "चार वर्षांत तीन. तिघांनाही तीच तक्रार, मोठी नळी अरुंद. दोन वाचली. एक उशिरा आणलं, रस्त्यातच खराब झालं होतं."

मी तिन्ही नावांपुढं ते टिपून घेतलं.

"सुमेधा, तुमच्याकडं कोण पकडतं गं हे? आमच्या इथं यंत्रं असून सुटतात. आणि चिठ्ठी तर कुणी दिलेलीच नाही. तिन्ही वेळा आईबापांनी नुसतं तोंडी सांगितलं, सिस्टर म्हणाल्या जांघेतली नाडी बघायला सांगा."

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हाही मी मनात वाद घालत होते. असेल, त्या तिघांच्या वेळी सिस्टर बरोबर असतील. पण सातच्या बाळाची नाडी मला लागली होती. माझ्या हाताला लागली होती. ती काय खोटी?

लसीकरणाची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. एक वाजला होता, गर्दी ओसरली होती. रणभिसे सिस्टर सुया उकळायला ठेवत होत्या. टेबलावर आयांना अंघोळ घालायचं शिकवायची रबरी बाहुली पडली होती, एका डोळ्याचा रंग उडालेली.

"सिस्टर," मी म्हणाले, "ते टिंब कशाचं?"

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "मला नाडी लागली नाही त्याचं. दुसऱ्या दिवशी परत बघते. लागली की खोडते. पुष्कळदा लागते. बाळ रडत असतं, हात गार असतो, काहीतरी."

"मग मला सरळ सांगायचं."

"एकदा सांगितलं होतं एका डॉक्टरांना. सगळ्यांच्या देखत. मेमो मिळाला मला, डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ म्हणून. पेनानं लिहायचा मला अधिकार नाही. म्हणून पेन्सिल." त्यांनी सुयांवर झाकण ठेवलं. "तुम्हाला काल सांगितलं तसं मी."

"पण मला लागली होती. तुम्ही होतात तिथं. चांगली भरदार लागली होती."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी टेबलावरची बाहुली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"हिची बघा."

"सिस्टर, ही काय थट्टा आहे?"

"जशी बाळाची बघता तशीच बघा. मांडी धरा. हां. अंगठा दाबा. जरा थांबा."

मी बाहुलीची मांडी धरली, जांघेत अंगठा दाबला आणि थांबले. रबर गार होतं. मग ते हळूहळू कोमट झालं, आणि माझ्या अंगठ्याखाली नाडी लागली. स्पष्ट, भरदार.

बाहुलीला नाडी लागत होती.

मी अंगठा काढला आणि परत दाबला. परत लागली. सिस्टरनी माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत हलकेच मोजू लागल्या, आणि त्या जो जो आकडा म्हणत होत्या तो तो ठोका मला बाहुलीच्या जांघेत लागत होता.

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी माझ्यासारखीची विरते. तुमची जोरात आहे, तरुण आहात. आणि तुम्ही दाबता फार. एवढं दाबल्यावर बाळाची असली तरी बंद होते. बाळाची मिनिटाला एकशेचाळीस. म्हणून मी काल विचारलं, किती लागले."

चार महिने. दिवसाला दहा-बारा बाळं. मी चार महिने स्वतःची नाडी मोजत होते आणि त्यांच्या नावावर लिहीत होते. वडिलांनी आयुष्यभर पोरांच्या चिठ्ठ्या पकडल्या, आणि त्यांच्या लेकीनं आपलंच उत्तर हजारभर कागदांवर उतरवून ठेवलं होतं. मला रडू आलं नाही. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

"बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची मी बघितलीत. सगळी. एवढी सोडून सगळ्यांची लागली." त्यांनी पदराला हात पुसले. "गाडीला सांगता का? माझी ड्यूटी साडेचारला संपते."

"आत्ताच चला."

गलगली सर डबा उघडून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"काल तुम्ही दोन पानं लिहून दिलीत की ही बाई संशयास्पद आहे. आज तिलाच घेऊन गावात जाणार?"

"हो, सर."

"आणि बाळ ठणठणीत निघालं तर?"

"तर बरंच की, सर," मी म्हणाले. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

माळेवस्ती चौदा किलोमीटर. रस्ता खडीचा. जीपमध्ये सिस्टरनी मला दोन बोटं कशी टेकवायची ते स्वतःच्या कोपरावर दाखवलं. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं आणि वाट बघायची. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "आधी बाळ बघू."

घरात पाचवीची तयारी चालली होती. कोपऱ्यात पाटावरवंटा धुऊन मांडलेला, हळदकुंकू, ज्वारीची रास, रुईची पानं, आणि शेजारी एक कोरा कागद आणि पेन. सटवाईला लिहायला. आक्काताईंनी आम्हाला बघितलं आणि त्या उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहिल्या.

"काय झालं? कशापायी आलाय?"

"बाळाला परत एकदा बघायचंय, आक्काताई."

"सकाळच्याला बगितलं की. ठणठणीत हाय म्हनला तुमीच. सही केली." मग त्यांची नजर सिस्टरवर गेली. "ह्या सिस्टरनी काल दुपारी लेकराचं लंगोट सोडलं हुतं. पोरगी निजली न्हवती, डोळं झाकून पडली हुती. तिनं सांगितलं मला. आमी गरीब हाय म्हनून काय वाट्टंल ते करताय व्हय? आता फुन्याला न्ह्यायचं म्हनत आसाल."

कालपर्यंत मी जे जे लिहून दिलं होतं, ते ते सगळं ती बाई मला ऐकवत होती. आणि तिचं काय चुकत होतं? मी तिच्या जागी असते तर दारच लावलं असतं.

"आक्काताई," मी म्हणाले, "चूक सिस्टरची नाही. माझी आहे. बाळाची एक नाडी बघायची असते, ती मला बघता येत नव्हती आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मी कागदावर खोटं लिहिलं. सिस्टर ते तपासत होत्या. मी त्यांचीच तक्रार केली आणि त्यांना वॉर्डातून काढायला लावलं."

शेजारणी हातातलं काम सोडून बघत होत्या. आक्काताईंनी सिस्टरकडं बघितलं.

"खरं हाय व्हय हे?"

"खरं आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण आता बघू द्या त्यांना."

आक्काताई उंबऱ्यातून बाजूला झाल्या.

वैजयंतानं बाळ माझ्यापुढं ठेवलं. ते सकाळपेक्षा फिकट वाटलं, की मलाच वाटलं, सांगता येत नाही. मी दोन्ही हात ऊब यायला काखेत धरले. सिस्टरनी ते बघितलं. मग मी दंडावर दोन बोटं ठेवली. नाडी लागली, भरभर, चिमुकली, माझ्या नाडीशी अजिबात न जुळणारी. चार महिन्यांत पहिल्यांदा मला एका बाळाची नाडी लागली होती. मग मी जांघेत बोटं टेकवली. दाबली नाहीत. वाट बघितली. डावीकडं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

काही लागलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

सिस्टरनी पाऊल हातात घेऊन बघितलं. "पाय कालपेक्षा गार आहे. आत्ता निघायला हवं. गाडी आहे."

वैजयंता रडायला लागली. मला पुण्याला चिठ्ठी द्यायची होती आणि माझ्याजवळ कागद नव्हता. घाईत काहीच घेतलं नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं. आक्काताई उठल्या, पाटावरवंट्यापाशी गेल्या, आणि तिथला कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"ह्याच्यावर लिवा."

"आक्काताई, हा तर सटवाईचा."

"ती रातच्याला लिवनार हुती," त्या म्हणाल्या. "तुमी आधी लिवा. आनि आता तरी नीट लिवा."

मी लिहिलं. दंडात नाडी लागते, जांघेत लागत नाही, पाय गार, दूध पिताना दमते. खाली लिहिलं की हे प्रथम रणभिसे सिस्टर यांच्या लक्षात आलं. सही केली. इतकं जपून मी आयुष्यात काही लिहिलेलं नव्हतं. कागदाच्या कोपऱ्याला हळद लागली होती.

पोरगी वाचली. वाटेत दवाखान्यात उतरून मी फोन केला होता, निलाक्षी दारातच उभी होती म्हणे. चार दिवसांनी ऑपरेशन झालं. महिन्याभरानं आक्काताई माझ्याकडं आल्या, तो कागद मागायला. तो पुण्याच्या फायलीत गेला होता. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तितंच. लिवलेलं कामाला आलं न्हवं, बास झालं."

गलगली सरांनी माझी दोन पानं मला परत दिली. मी ती त्यांच्यासमोरच फाडली. पण सिस्टरना हलवल्याचा आदेश काही त्यांनी मागं घेतला नाही. मी तीनदा गेले. आदेश मागं घ्यायला कारण लिहावं लागतं, ते म्हणाले, आणि खरं कारण लिहिलं तर वरून विचारतील, की एक सिस्टर डॉक्टरांचे कागद तपासत होती, हे तुमच्याकडं कधीपासून चालतं? तेव्हा सिस्टर लसीकरणातच राहिल्या. तिथूनच पुढं निवृत्त झाल्या. हे माझ्या खात्यावरचं आहे आणि ते खोडलं जाणार नाही.

मी मात्र बाँडचं वर्ष संपेपर्यंत एक केलं. दुपारी दोन वाजता, वॉर्ड पेंगुळला की, रणभिसे सिस्टर आपली जेवणाची सुट्टी घेऊन मागच्या दारानं यायच्या. हात काखेत धरायच्या. मी सकाळी तपासलेल्या बाळांची दुपटी एकेक करून सोडायच्या, डोळे मिटायच्या, आणि वाटलं तर अंबाड्यातली पेन्सिल काढायच्या.

आणि मी चादरींच्या खोलीत दाराआड उभी असायचे. कुणी येताना दिसलं की खोकायचं, एवढंच माझं काम होतं.